झाकणांचं नवं बलुतं



गेल्या 14 एप्रिलला आम्ही चौकात भोजनदान केलं. मिरवणुकीत नाचून थकलेली पोरं होती, लांबच्या खेड्यांतून जीपने आलेली बायामाणसं होती. सगळ्यांना उभ्याउभ्या खाता यावं म्हणून मसालेभाताचे आठशे डबे भरून घेतले. खाली काळा प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक झाकण. रात्री बाराच्या आत डबे संपले. भाषणं झाली, घोषणा झाल्या, डीजे वाजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मंडपाचं सामान उतरवायला आम्ही चौकात गेलो. तिथे एक मावशी आणि तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी पुतळ्याच्या कठड्याभोवती वाकून आमची उष्टी झाकणं गोळा करत होत्या. झाकणाला चिकटलेली शितं मुलगी बोटाने निपटत होती आणि झाकण गोणीत टाकत होती. आमच्यातलाच एक कार्यकर्ता ओरडला, "ए, पुतळ्याजवळ काय करताय? निघा इथून."

मावशी शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचंच खरकटं आहे. राहू देऊ का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ज्या महापुरुषाने 1927 साली महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडायला सांगितलं, त्याच्याच जयंतीचं उष्टं उचलायला एक बाई आणि तिची शाळकरी वयाची पोर आली होती. आणि आम्ही, निळा गमछा गळ्यात घातलेले लोक, तिलाच हाकलत होतो. हा लेख आधी आमच्या स्वतःविरुद्ध आहे. नगरपालिका, कंपन्या आणि सरकार यांच्याविरुद्ध नंतर.

घंटागाडी झाकणाचं काय करते?

पहिलं उत्तर लगेच येतं: "घंटागाडी येते ना सकाळी!" येते. गाणं वाजवत येते. ओला आणि सुका असे दोन कप्पे गाडीवर रंगवलेले असतात. पण भाजीच्या तेलाने माखलेलं झाकण ना धड ओल्यात जातं ना सुक्यात. ते हलकं, चपटं, चिकट. डेपोवर गाडी उलटी होते तेव्हा दोन्ही कप्पे एका ढिगात पडतात. त्या ढिगातून झाकण कुणी वेचलं तर वाचलं, नाही तर ते ढिगाबरोबर पेटतं आणि त्याचा धूर डेपोशेजारच्या वस्तीत जातो. डेपोशेजारी कुणाची वस्ती असते हे आम्ही तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि ही झाली शहरांची कथा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यातल्या दर सहा माणसांपैकी पाच माणसं खेड्यात राहतात. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर ही नगरपालिकांची गावं सोडली की घंटागाडी हा शब्द पुष्कळ ठिकाणी फक्त ऐकून माहीत असतो. पण डबा पोचला आहे. धडगावच्या बाजारात, मोलगीच्या बाजारात, सारंगखेड्याच्या यात्रेत सगळीकडे झाकणाचा डबा आहे. पळसाच्या पानाची पत्रावळ आणि द्रोण ज्या सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या होते, तिथे प्लास्टिकचा डबा आला. तो उचलायची सोय मात्र आली नाही. मग पर्याय दोनच: जाळा, नाही तर नाल्यात सोडा. नाला पुढे नर्मदेला किंवा तापीला भेटतो.

तरीही काही झाकणांचा पुनर्वापर होतो. तो घंटागाडीच्या बाहेर होतो, त्या मावशीच्या गोणीतून. झाकण भंगारच्या दुकानात जातं. तिथे माल वेगळा केला जातो, धुतला जातो, पुढे यंत्रात त्याचा चुरा होतो, चुरा वितळवून दाणा बनतो. या दाण्यापासून बादल्या, दोऱ्या, चटया बनतात. आपल्या खानदेशातल्या जळगावचा चटई उद्योग प्रसिद्ध आहे, आणि त्या चटयांत पुनर्वापराचं पॉलिप्रॉपिलिन वापरलं जातं. आपल्या कित्येक बुद्धविहारांत अंथरलेली असते तशीच ती चटई. म्हणजे ज्या बाईला आम्ही पुतळ्यापासून हाकललं, तिच्या हातातून गेलेल्या मालावर बसून आम्ही त्रिशरण म्हणतो.

हे वतनच आहे

आता हिशेब मांडू. जेवणाच्या डब्याचं पातळ झाकण पाच ग्रॅमचं धरलं, तर एक किलो भरायला 200 झाकणं लागतात. म्हणजे 200 वेळा वाकायचं, 200 वेळा खरकटं निपटायचं, आणि भंगारच्या काट्यावर एका किलोचे पैसे घ्यायचे. माल तेलकट असेल तर त्यातही कापणार. आमच्या आठशे डब्यांची सगळी झाकणं वेचली असती तरी चार किलो भरली असती.

तिने त्या पहाटे दोन कामं केली. एक, विकण्याजोगा माल गोळा केला. दोन, आमचा चौक साफ केला. पहिल्या कामाचे तिला भंगारवाल्याने थोडेफार पैसे दिले. दुसऱ्या कामाचे कुणीच दिले नाहीत. नगरपालिका म्हणते, ती आमची कर्मचारी नाही. मंडळ म्हणतं, आम्ही तिला बोलावलं नव्हतं. गावासाठी काम करायचं आणि गावाने टाकलेलं उचलून न्यायचं, हीच मजुरी!

मित्रांनो, ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. हिचं नाव वतन. महार वतनदाराने चोवीस तास साऱ्या गावाची आणि सरकारची कामं करायची आणि बदल्यात बलुतं घ्यायचं, दारोदार जाऊन भाकर मागायची. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करा ही त्यातली मोठी मागणी होती. कारण त्यांना ठाऊक होतं, जोवर मजुरी वस्तूत आणि उष्ट्यात मिळते तोवर माणूस मजूर नसतो, गावचा ताबेदार असतो. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. कायद्यातून वतन गेलं. पण "तुम्ही जे उचलाल तेच तुमचं" हा करार शहराने कचरावेचकांशी न लिहिता चालू ठेवला आहे. फरक इतकाच की तेव्हा उष्टी भाकर होती, आता उष्टं झाकण आहे.

आणि हे काम करणारे हात कोणत्या जातींचे? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली तेव्हा तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. 1972 च्या दुष्काळाने गावातून उखडलेली कुटुंबं त्यांत होती. आमच्या जिल्ह्यात या ओळीत आदिवासी बायाही उभ्या आहेत. ऊसतोडीला नाही तर गुजरातेत कामाला जायचं, परत आल्यावर काम नसलं की गोणी घ्यायची. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्याने जातिव्यवस्था समजून घेतलेली नाही.

आक्षेप आणि आमची उत्तरं

पहिला आक्षेप पर्यावरणवाल्या सज्जनांचा. ते म्हणतात, "यात जात कशाला आणता? आम्ही शाळेत झाकणं गोळा करायची मोहीम घेतो, मुलांना प्रमाणपत्रं देतो." मोहीम घ्या, मुलांना शिकवा. पण एक सांगा: घरी धुतलेली, कोरडी, स्वच्छ झाकणं तुम्ही पोत्यात भरून थेट मोठ्या कंपनीच्या गाडीत घालता, तेव्हा चांगला माल कुणाच्या गोणीतून काढून घेता? तिच्या वाट्याला मग उकिरड्यावरचा तेलकट मालच उरतो. स्वच्छ झाकण हातात धरून फोटो काढणाऱ्याला पर्यावरणप्रेमी म्हणायचं आणि घाणेरडं झाकण उचलणारीला चोर समजून कुत्रं अंगावर घालायचं, हा पर्यावरणवाद नव्हे, सोवळं आहे. मोहिमेचा माल स्थानिक कचरावेचकांच्या हाती द्या, मग आम्ही तुमच्यासोबत आहोत.

दुसरा आक्षेप सरकारी आहे: "आम्ही बंदी घातली आहे." हो, घातली. महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेत हॉटेलातून अन्न बांधून द्यायच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक डब्यांचाही समावेश होता. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्राने प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर देशभर बंदी आणली. आज कोणत्याही चौकात उभे राहा आणि डबे मोजा. बंदीची गाडी येते तेव्हा ती वडापावच्या हातगाडीवर थांबते. डबे जिथे तयार होतात त्या दारात ती थांबलेली आम्ही पाहिली नाही.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा: "आम्ही उत्पादकाची जबाबदारी पार पाडतो." केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कडक प्लास्टिक हा पहिला प्रवर्ग. डबा, बाटली, झाकण यात येतं. या प्रवर्गातल्या मालाचा 2024-25 मध्ये किमान 50 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के पुनर्वापर व्हावा असं लक्ष्य आहे. कंपनी स्वतः माल गोळा करत नाही. पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेते. 2023 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अवघ्या चार कारखान्यांनी सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रं तयार केल्याचं उघड झालं. झाकण न उचलता उचलल्याचा कागद बाजारात विकला जातो आणि ज्या हाताने ते खरोखर उचललं, त्या हाताचं नाव एकाही कागदावर नसतं. जबाबदारी उत्पादकाची असेल तर तिचा पैसा कचरावेचकाच्या खात्यापर्यंत का पोचत नाही?

चौथा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आपल्या माणसांचा आहे. "बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली. तुम्ही कचरावेचकांना संघटित करायला निघालात, म्हणजे त्यांना घाणीतच ठेवणार. त्यांना शिकवा, बाहेर काढा, बस्स."

या आक्षेपामागची चीड आम्हाला मान्य आहे. त्या मुलीच्या हातात गोणी नको, दप्तर हवं, यावर दुमत असूच शकत नाही. पण बाबासाहेबांचं अर्धंच काम का सांगता? महाडमध्ये उष्टं सोडा म्हणणाऱ्या बाबासाहेबांनीच 1930 च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. झाडू हातात असलेल्या माणसाला त्यांनी "आधी झाडू टाक, मग ये" असं सांगितलं नाही. त्याला पगार, हक्क आणि संघटना दिली. काम सोडण्याची ताकद उपाशी माणसात येत नसते. आज मावशीकडून गोणी काढून घेतली तर उद्या तिच्या चुलीवर काय शिजेल याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने तिला आत्मसन्मानाचे धडे देऊ नयेत.

आमची भूमिका स्पष्ट आहे. झाकण उचलण्याचं काम इतक्या चांगल्या पगाराचं, इतकं स्वच्छ आणि यंत्रांच्या मदतीचं झालं पाहिजे की ते करायला कोणत्याही जातीचा माणूस अर्ज करेल. ज्या दिवशी त्या रांगेत सगळ्या आडनावांची माणसं उभी राहतील, त्या दिवशी त्या कामातली जात मरेल. आणि आज त्या कामात असलेल्या घरातली पुढची पिढी त्यात येणार नाही याची हमी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातून द्यावी लागेल. दोन्ही लढाया एकत्र लढायच्या आहेत. एक सोडून दुसरी लढता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

हे मागणं भीक नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर बंधन घातलं की कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्यावी, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावं आणि सुका माल वेगळा करण्यासाठी पुरेशी जागा द्यावी. उघड्यावर कचरा जाळायला त्याच नियमांनी मनाई केली. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतीपर्यंत नेली: प्लास्टिक गोळा करणं, वेगळं करणं, पुनर्वापराकडे पाठवणं. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. केंद्राच्या नमस्ते योजनेत 2024 पासून कचरावेचकांचाही समावेश झाला आहे. त्यात नोंदणी, ओळखपत्र, सुरक्षा साहित्य आणि आयुष्मान आरोग्य विमा आहे.

हे होऊ शकतं याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. एक गाव एक पाणवठा चळवळीचे बाबा आढाव ज्या पंचायतीच्या मागे उभे राहिले, त्याच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. घरामागे सेवेचं शुल्क मिळतं, आणि वेचलेला सुका माल विकण्याचा हक्कही त्यांचाच राहतो. म्हणजे दोन्ही कामांचे पैसे. तीन हजारांहून अधिक कचरावेचक त्यात आहेत. तिथेही त्यांना करार टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा झगडावं लागतं. पण उष्ट्याऐवजी रोख मजुरी हे 1928 चं सूत्र तिथे प्रत्यक्षात उतरलेलं दिसतं. पुण्यात जे होतं ते नंदुरबारात का होऊ नये?

काय करायचं?

पहिली सुरुवात आपल्या मंडळांपासून. भोजनदान, खीरदान, धम्मचक्र प्रवर्तन दिन, काहीही असो, स्टीलची ताटं आणि पेले भाड्याने आणा. ती धुवायला कार्यकर्त्यांची पाळी लावा, आणि त्या पाळीत फक्त बायका नकोत. दर 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो, 1937 साली बाबासाहेब तिथे आले होते म्हणून. तिथून परततानाही मागे एक झाकण राहता कामा नये.

दुसरं, डबा घेणं टळलंच नाही तर झाकण उष्टं देऊ नका. भांडी घासून उरलेल्या पाण्यात धुवा, वाळवा, वरचा कागद आणि चांदी काढून टाका. झाकणावर त्रिकोणात आकडा असतो. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, 1 म्हणजे पेट, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. डबा आणि झाकण पुष्कळदा वेगवेगळ्या प्लास्टिकचे असतात, म्हणून वेगळे ठेवा. आकडा नसेल तर झाकण पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर आलं तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिन, तळाशी राहिलं तर पेट किंवा पॉलिस्टायरीन. असा वेगळा, स्वच्छ माल विहारात एका पोत्यात जमा करा आणि वस्तीतल्या कचरावेचक बाईला द्या. तिच्या घामाचे दोन तास वाचतील. हे उपकार नाहीत. आपली घाण आपण धुणं हा समतेचा पहिला धडा आहे.

तिसरं, कार्यक्रमानंतर चौक साफ करायला माणूस लावला तर त्याला हजेरी द्या, किमान वेतनापेक्षा कमी नको. डीजेला हजारो रुपये मोजणाऱ्या मंडळाला हे जड नाही.

चौथं, नगरपालिकेला निवेदन द्या आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा. मागण्या चार: कचरावेचकांची नोंदणी आणि ओळखपत्र, पाणी, पंखा, छप्पर असलेली वर्गीकरण शेड, कचऱ्याच्या प्रत्येक ठेक्यात कचरावेचकांच्या बचत गटाला स्थान, आणि सेवेचं वेगळं रोख शुल्क. माहिती अधिकारात विचारा: घनकचऱ्याच्या ठेक्यावर वर्षाला किती खर्च होतो आणि त्यातला कचरावेचकांपर्यंत किती पोचतो?

पाचवं, खेड्यापाड्यांत आदिवासी संघटनांना सोबत घेऊन ग्रामसभेत ठराव करा: बाजाराच्या दिवशी डब्याऐवजी पानाचा द्रोण, आणि आठवड्याचं प्लास्टिक जाळण्याऐवजी एका जागी साठवण. द्रोण बनवणाऱ्या बाईलाही त्यातून रोजगार मिळेल.

ती मावशी आम्हाला नंतर भेटली. आम्ही माफी मागितली. ती हसून म्हणाली, "माफीचं राहू द्या भाऊ, पोरीचं शाळेचं बघा." मुलीचं नाव शाळेच्या पटावर आहे, पण पहाटेच्या कामामुळे ती उशिरा पोचते आणि मग जातच नाही. आता आमच्यातले दोघे तिला रोज सकाळी शाळेत सोडतात. ही एका घराची सोय झाली, व्यवस्था बदललेली नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. व्यवस्था बदलायला निवेदनं, मोर्चे आणि संघटना लागणार आहे, आणि ती आम्ही उभी करणार आहोत.

पुढच्या 14 एप्रिलला आमच्या चौकात प्लास्टिकचा डबा नसेल. तुमच्या चौकात काय असेल, ते तुम्ही ठरवा.

जयभीम! जय जोहार! जय संविधान!